लघवीची घाई, चिंचोक्यांचा डबा आणि सिस्टरांची वही

आरोग्याच्या या पानावर आजवर कुपोषण, क्षयरोग, सिकलसेल, सर्पदंश असे विषय आले. या वेळचा विषय छापावा की नाही, यावर आमच्यातच थोडी चर्चा झाली. विषय आहे लघवी न थांबण्याचा. लागली की तिथल्या तिथे जावेच लागते, दिवसातून दहा-पंधरा वेळा जावे लागते, रात्री तीनचारदा उठावे लागते, आणि कधी पोचायच्या आत लुगडे भिजते. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेला मी हिब्रू क्रियापदे पाठ केली, पण हे तिथे कोणी शिकवले नाही. शहाडला कामाला लागल्यावर ते मी आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरांकडून शिकले. आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांत एखादी बहीण, सून नाहीतर मावशी परिचारिका आहे. त्यांना यातले बरेच ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी हे लिहिते आहे.

शहाड बाहेरच्यांना माहीत असते ते सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यामुळे आणि बिर्ला मंदिरामुळे. आमच्या दृष्टीने ते एक नाके आहे. कसाऱ्याकडून येणारी लोकल कल्याणच्या आधी इथे थांबते आणि मुरबाडचा रस्ता इथूनच पुढे जातो. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी भागातल्या ठाकूर-कातकरी बायका पावसाळ्यात रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदे-जांभळे टोपलीत घेऊन पहाटेच्या गाडीने कल्याणच्या बाजारात येतात. कसाऱ्याहून कल्याणपर्यंत तासाहून जास्त लागतो आणि लोकलमध्ये संडास नसतो. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर उतरतात, ती पावसाच्या तोंडापर्यंत तिथेच असतात. तिथे आडोसा म्हणजे विटांचा ढीग नाहीतर बाभळीचे झुडूप.

अशा ठिकाणी लघवीची घाई असलेली बाई काय करते? ती पाणी पिणे सोडते. गाडीत बसायच्या आदल्या रात्रीपासून घोटभरसुद्धा पाणी घेत नाही अशा बायका मला भेटल्या आहेत. त्यातून लघवी गडद होते, जळजळते, जंतुसंसर्ग होतो आणि घाई उलट वाढते. 'उन्हाळी लागली' म्हणून धण्याचे पाणी घेतात, चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. पुढे ती बाई लग्नाला, बाजाराला, प्रार्थनेला येईनाशी होते. आम्हाला वाटते, म्हातारपणामुळे येत नसेल.

या गप्प राहण्याला महाराष्ट्रातच एक पुरावा आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 650 स्त्रियांची तपासणी केली आणि त्याचा निबंध 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आला. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. तो अभ्यास लघवीच्या घाईचा नव्हता, हे खरे. पण कमरेखालचे दुखणे बाई आपणहून सांगत नाही, कोणी नीट बसून विचारले तरच सांगते, हे त्यातून जगाला कळले. आमच्याकडे विचारतात त्या सिस्टर. डॉक्टरांच्या टेबलाशी रांग असते, समोर पडदा असला तरी पलीकडे दीर नाहीतर जावई उभा असतो. सिस्टर रक्तदाब मोजता मोजता हळूच विचारतात, "आजी, रात्री एकीला किती वेळा उठता?" एवढ्या एका प्रश्नावर कित्येक वर्षांचे दडवलेले बाहेर पडते.

आता हे होते कसे ते पाहू. मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. मूत्रपिंडातून थेंब थेंब लघवी तीत जमत राहते आणि पिशवी सैल पडून जागा करून देते. साधारण दीडशे-दोनशे मिलिलिटर जमले की पहिली जाणीव होते; मोठ्या माणसाची पिशवी चारशे-पाचशे मिलिलिटरपर्यंत सहज धरते. तोवर मेंदू तिला 'थांब' म्हणत असतो. काही जणांत मात्र पिशवी अर्धीमुर्धी भरली असतानाच तिचा स्नायू आपल्या मनाने आवळतो. मग एकदम कळ येते, ती आवरत नाही. डॉक्टर याला ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात. मराठीत अतिक्रियाशील मूत्राशय. यात लघवी जास्त तयार होत नाही, ती धरून ठेवण्याची शिस्त बिघडलेली असते. खोकताना-शिंकताना, डोक्यावर हंडा उचलताना थेंब जाणे हा वेगळा प्रकार. तिथे दोष तळाच्या सैल पडलेल्या स्नायूंचा असतो. पुष्कळ बाळंतपणे झालेल्या बायकांत दोन्ही एकत्र दिसतात. पुरुषांनाही घाईचा त्रास होतो, पण त्यांना आडोसा कमी लागतो म्हणून बोभाटा कमी.

घाई आहे म्हणजे हाच आजार, असे मात्र धरून चालत नाही. सिस्टरांचे पहिले काम असते दुसरी कारणे बाजूला काढण्याचे. लघवीत साखर आहे का, पू किंवा रक्त आहे का, हे पट्टीच्या तपासणीत लगेच कळते. मधुमेह असेल तर लघवी खरोखरच जास्त होते. तिथे पिशवीला शिस्त लावून उपयोग नाही, साखर आटोक्यात आणावी लागते. मूतखडा, अंग बाहेर येणे, पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, जुनी बद्धकोष्ठता, रक्तदाबासाठी चालू असलेली लघवी वाढवणारी गोळी, हे सगळे विचारावे लागते. लघवीत पू दिसतो पण नेहमीच्या औषधांनी बरे होत नाही, वजन उतरते आहे, बारीक ताप आहे, तर मूत्रमार्गाच्या क्षयरोगाची तपासणी झालीच पाहिजे. आपल्या भागात हे विसरून चालणार नाही. अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस सतत गळती असेल तर तो फिस्टुला असू शकतो. त्याला शस्त्रक्रियाच लागते, व्यायाम नव्हे. आणि लघवीत रक्त, तापासह पाठीत कळ, लघवी पूर्ण अडणे, पाय बधिर होणे यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे: शहाडकरांना उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, पलीकडच्या वाड्यांना मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय.

हे सगळे तपासून झाल्यावर सिस्टर वही काढतात. मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत रुग्णाला तक्ता देतात: किती वाजता काय प्यायले, किती वाजता लघवी झाली, किती झाली, कपड्यात झाली का. तीन दिवस तो भरायचा. आमच्या बायकांपैकी बऱ्याच जणींना लिहिता येत नाही. म्हणून सिस्टर झाकणाचे दोन डबे आणि मूठभर चिंचोके देतात. दिवसा लघवीला गेले की एका डब्यात चिंचोका, रात्री उठले की दुसऱ्यात. कपड्यात झाली तर चिंचोक्याऐवजी बारीक खडा. तीन दिवसांनी डबे आणले की सिस्टर मोजून वहीत उतरवतात. शहरातल्या तक्त्याइतके हे बारकाईचे नाही, पण उपचार सुरू करायला पुरते. गंमत म्हणजे मोजायला लागल्याबरोबरच काहींचे थोडे कमी होते.

टिटवाळ्याच्या बाजूच्या एका भट्टीवरच्या मावशींचे उदाहरण सांगते. वय साठीच्या आसपास, विटा थापायचे काम. नवरा गारा करतो, मावशी साच्यात भरून थापतात. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने जोडीला मिळते, म्हणून मावशी दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून झुडपामागे गेल्या की दोघांची मजुरी बुडायची. नवऱ्याची चिडचिड चालू होती. मुकादम म्हणाला होता, पुढच्या वर्षी म्हातारीला आणू नका. उचल तर जोडीच्या नावावर घेतलेली. म्हणजे लघवीच्या घाईवर घराचे कर्ज टांगलेले होते. मावशींच्या डब्यांत तीन दिवसांत निघाले दिवसाचे एक्केचाळीस चिंचोके, रात्रीचे अकरा आणि सात खडे. साखर नव्हती, जंतू नव्हते, अंग बाहेर आलेले नव्हते. "आणि चहा किती?" सिस्टरांनी विचारले. मावशी हसल्या. "भट्टीवर च्या कोन मोजतंय, सिस्टर बाय?" कोरा चहा, दिवसाला सात-आठ पेले. शिवाय मिसरी. पाणी मात्र दोन तांबेसुद्धा नाही.

सिस्टरांनी आधी चहा दोनवर आणला, तोही दुपारी चारच्या आत. चहात कॅफिन असते, ते पिशवीला चेतवते. पाणी वाढवायला सांगितले तेव्हा मावशींना ते उफराटे वाटले. पण गडद लघवीच पिशवीला जास्त टोचते; पाणी दिवसभर थोडे थोडे घ्यायचे आणि झोपण्याआधी दोन तास थांबवायचे. पोट साफ राहावे म्हणून नाचणीची भाकरी, पालेभाजी. भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते. मिसरी सुटायला वेळ लागला. खरे सांगायचे तर पूर्ण सुटली नाहीच.

मग पिशवीची शिकवणी. मावशींचा नेहमीचा वेळ पाऊण तासाचा. तर पहिला आठवडा पाऊण तासानेच जायचे, पण घाई झाली म्हणून नव्हे, वेळ झाली म्हणून. पुढच्या आठवड्यात एक तास. मग सव्वा तास. असे वाढवत अडीच-तीन तासांपर्यंत न्यायचे. मुलाच्या मोबाइलवर गजर लावून दिला. मधेच कळ आली तर धावायचे नाही. धावले की पोटावर दाब येतो आणि नेमके तेव्हाच होते. आहे तिथे थांबायचे किंवा टेकायचे, खालचे स्नायू पाच-सहा वेळा पटपट आवळून सोडायचे, श्वास सावकाश घ्यायचा, मनात उलटे आकडे मोजायचे नाहीतर थापलेल्या विटा मोजायच्या. कळ लाटेसारखी असते, चढते आणि उतरते. ती उतरल्यावर चालत जायचे. स्नायू आवळले की मेंदूकडून मूत्राशयाला 'थांब'चा निरोप जातो, म्हणून हे साधते.

ते स्नायू ओळखायचे कसे, हा प्रश्न प्रत्येक बाई लाजत विचारते. सिस्टरांचे उत्तर सोपे आहे: चारचौघांत वारा सरायला आला तर आपण जे आवळतो, ते. पोट, मांड्या, कुल्ले सैल ठेवायचे, श्वास रोखायचा नाही. पाच आकडे आवळून धरायचे, पाच आकडे सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसून, निजून, रांगेत उभे राहूनही करता येते, शेजारणीला पत्ता लागत नाही. अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला केगेलचे नाव पडले. गुण यायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. याच जागी बहुतेक जणी सोडून देतात, आणि म्हणूनच कोणीतरी दर पंधरा दिवसांनी विचारणारे लागते.

व्यायाम म्हणजे गरिबांची समजूत, खरा इलाज गोळी, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेत कॅथरीन बर्जिओ आणि सहकाऱ्यांनी याची रीतसर परीक्षा घेतली. तिचा निबंध 1998 मध्ये आला. 55 वर्षांवरच्या 197 स्त्रियांचे तीन गट केले. एका गटाला अशी शिकवणी, दुसऱ्याला ऑक्सिब्युटिनिन ही गोळी, तिसऱ्याला औषध नसलेली दिसायला तशीच गोळी. आठ आठवड्यांनी कपड्यात होण्याचे प्रसंग शिकवणीच्या गटात सुमारे 81 टक्क्यांनी, गोळीच्या गटात 69 टक्क्यांनी आणि तिसऱ्या गटात 39 टक्क्यांनी कमी झाले. तिसऱ्या गटाचा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. नुसते विचारणे, मोजणे, परत बोलावणे यानेही इतका फरक पडतो.

तरी गोळीला कमी लेखू नये. दोन-तीन महिने शिकवणी करूनही भागत नसेल, किंवा त्रास सुरुवातीलाच फार असेल, तर गोळी लागते आणि ती आधार देते. ब्रिटनमध्ये जादा प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका स्वतः औषधे लिहून देतात. आपल्याकडे गोळी डॉक्टरांनी लिहायची आणि ती नीट लागू पडते आहे का हे सिस्टरांनी पाहायचे. औषधांचे मुख्य दोन गट आहेत. पहिल्यात ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनासिन, डॅरिफेनासिन. पिशवीच्या स्नायूला 'आवळ' सांगणारा जो रासायनिक निरोप असतो, तो ही औषधे अडवतात. पण तोच निरोप लाळेच्या ग्रंथींना, आतड्याला आणि डोळ्यालाही जातो. म्हणून तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही, जवळचे अंधुक दिसते. कोरड पडली की माणूस जास्त पाणी पितो आणि लघवी पुन्हा वाढते. अशा वेळी गोळी चालत नाही म्हणून लोक ती फेकून देतात. सिस्टर आधीच सांगून ठेवतात: कोरड पडेल, चूळ भरा, बडीशेप चघळा, आणि निदान महिनाभर तरी धीर धरा, पूर्ण गुण यायला तेवढा वेळ लागतोच.

वयस्कर माणसांत या गटाच्या गोळ्यांनी विसर पडणे, गोंधळणे असेही होऊ शकते, विशेषतः ऑक्सिब्युटिनिनने. सर्दीच्या साध्या गोळीत आणि झोपेसाठी दिलेल्या काही गोळ्यांतही हाच गुण असतो, तेव्हा दोन-तीन मिळून भार वाढतो. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन या, असे सिस्टर सांगतात. अमुक प्रकारचा काचबिंदू असेल किंवा लघवी अडण्याची सवय असेल तर हा गट टाळतात. आणि एक गोष्ट भट्टीवाल्यांसाठी मुद्दाम सांगायची: या औषधांनी घाम कमी येतो. एप्रिल-मेच्या उन्हात, पेटत्या भट्टीशेजारी घाम न येणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रण. गोळी चालू असलेल्या माणसाला दुपारी सावलीचे काम मिळावे, हे आम्ही मुकादमाला जाऊन सांगतो. तो ऐकतोच असे नाही.

दुसऱ्या गटात मिराबेग्रॉन. हे निरोप अडवत नाही, तर भरतीच्या वेळी पिशवीला सैल सोडते. त्यामुळे कोरड आणि बद्धकोष्ठता फारशी होत नाही आणि म्हाताऱ्यांना ते अधिक सोसते. मात्र रक्तदाब वाढू शकतो. फार वाढलेला, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ते देत नाहीत, आणि दिल्यावर दाब मोजत राहावा लागतो. हे काम दवाखान्यातली सिस्टर, उपकेंद्रातली एएनएम किंवा समुदाय आरोग्य अधिकारी सहज करू शकतात. औषध रोज आणि बरेच दिवस घ्यायचे असल्याने किंमत महत्त्वाची. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहायला सांगावे आणि जेनेरिक दुकानात विचारावे. या दोन्हींनी भागले नाही तर मूत्राशयात बोटॉक्सची सुई, मज्जातंतूला चालना देणारे यंत्र असे पुढचे उपाय मूत्रविकारतज्ज्ञांकडे असतात. आमच्या बायकांपैकी कोणाला अजून तिथवर जावे लागलेले नाही.

मावशींना शेवटी गोळी लागली. शिकवणीने रात्रीचे उठणे दोनवर आले, खडे सातावरून दोनवर आले, पण दिवसाची घाई मधूनमधून राहिली. डॉक्टरांनी मिराबेग्रॉन दिले. सिस्टरांनी पंधराव्या दिवशी भट्टीवर जाऊन दाब मोजला, ओटीपोटावर हात ठेवून पिशवी तुंबत नाही ना हे पाहिले, बरोबर डबेही मोजले. मावशी आता सव्वादोन-अडीच तास बसून काम करतात. नवऱ्याने सिस्टरांना एवढेच विचारले, "गोळी कायमची का?" तसे नाही. काही महिन्यांनी कमी करून पाहतात. व्यायाम मात्र चालू ठेवायचा.

पण तीन तास थोपवायला शिकवून पुढे जायला जागा नसेल तर काय? या बाबतीत औषध आणि सिस्टर दोघांचेही हात थिटे पडतात. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' ही मोहीम स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठी झगडते आहे. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'ने याच प्रश्नावर उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि 2015 मध्ये न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे करण्याबाबत आदेश दिले. वीटभट्टी मात्र कोणत्याच महापालिकेच्या नजरेत येत नाही. आम्ही मावशींच्या भट्टीमालकाकडे तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी हिशेब मांडला: एक बाई दिवसात इतक्यांदा लांबच्या झुडपापर्यंत जाते-येते, त्यात इतक्या विटा बुडतात. लाजेच्या, आरोग्याच्या गोष्टींनी जे झाले नव्हते ते विटांच्या आकड्याने झाले. बांबू आणि ताडपत्रीचे दोन आडोसे आणि पाण्याचे पिंप या हंगामात उभे राहिले. शेजारच्या भट्ट्यांवर अजून काही नाही.

पुढच्या हंगामात आणखी भट्ट्यांवर ही तपासणी न्यायची आहे. लघवी तपासण्याच्या पट्ट्या आणि रक्तदाबाचे एक यंत्र यांची सोय झाली आहे. कमी आहेत ते डबे. घट्ट झाकणाचे, मुठीएवढे, मलमाचे किंवा मसाल्याचे रिकामे डबे धुऊन वाळवून शहाडच्या कार्यालयात आणून दिलेत तर सिस्टरांना हवे आहेत. चिंचोके वाडीवर पुष्कळ मिळतात.